डोळ्याला पेस्ट

छाटणी लागली की आमच्या सायखेड्याच्या शिवाराला कापलेल्या काडीचा वास येतो. ओला, थोडा कडवट, नखात राहणारा. पाऊस गेलेला असतो, ऊन पाठीला चावतं, आणि ज्या बागेकडं बघावं तिथून कात्र्यांचा कटकट आवाज येत असतो. लोक म्हणतात, काय छान दिवस आहेत. मला हे दिवस आले की राग येतो. तो कुणावर काढायचा हे मला दोन वर्षं नीट ठरवता येत नव्हतं. आता ठरलंय, म्हणून लिहायला बसले.

आधी मुद्द्याचं सांगून टाकते, उगाच ताटकळत ठेवायला नको. सुरगाण्याच्या डोंगरातला यशवंत नावाचा एक माणूस आहे. छाटणीची टोळी घेऊन दरवर्षी इकडं उतरतो. दोन वर्षांपूर्वी त्यानं फोनवरचं उत्तर चुकीचं वाचलं आणि त्यामुळं त्याच्या बायकोचा, मंजुळाचा, डावा डोळा गेला, असं त्याच्या घरात, टोळीत आणि पाड्यावर सगळे धरून चालतात. ते खोटं आहे. त्यानं बरोबर वाचलं होतं. हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं, आणि मी गप्प बसले.

द्राक्षाच्या काडीला प्रत्येक पेरावर एक फुगीर ठिपका असतो. तिथून कोंब निघतो. त्याला आम्ही डोळा म्हणतो. दुसरा शब्द आमच्याकडं नाही. सात डोळे ठेव, नऊ ठेव, डोळ्यानं मार खाल्लाय, डोळा आंधळा आहे, असं दिवसभर चाललेलं असतं. डोळे फुटले की आम्ही खूश होतो. बाहेरचा पाहुणा आला आणि त्याला कुणी सांगितलं, ‘आमचे सगळे डोळे फुटले,’ की तो तोंडाकडं बघत राहतो. यावर आम्ही वर्षानुवर्षं हसलो. मीही हसले.

हे डोळे एकदम फुटावेत म्हणून छाटणी झाली की त्यांना पेस्ट लावतात. नाव पेस्ट, पण औषध जहाल. पाण्यात कालवायचं, त्यात लाल रंग टाकायचा, म्हणजे कुठला डोळा झाला आणि कुठला राहिला ते दिसतं. हातमोजे घालून बोळ्यानं एकेक डोळा पुसत जायचं. मोजे फाटके असतात. दुपारपर्यंत बायांचे हात मनगटापर्यंत लाल, कपाळाचा घाम पुसला की कपाळ लाल, पदर लाल. लांबून बघितलं तर वाटावं सगळी बाग हळदीकुंकवाला निघालीय. पुरुषांना मालक बजावून सांगतो, आज दारूला शिवायचं नाही, पेस्ट आणि दारू एकत्र झाली की माणूस झोपतो. हा दम सगळे देतात. डोळ्यावर चष्मा लावा हा दम कुणी देत नाही, कारण मग चष्मे आणावे लागतात. मीही कधी आणले नव्हते.

आता त्या साइटचं. माझ्या धाकट्या बहिणीच्या सासरचा संजय म्हणून आहे, पंचेचाळिशीचा, शेतकी शिकलेला. नाशिकला कॉलेज रोडला राहतो आणि बागाईतदारांसाठी एक साइट चालवतो. तिथं कुणीही प्रश्न विचारावा, बाकीच्यांनी खाली उत्तरं लिहावीत. एका प्रश्नाला आणि त्याच्या उत्तरांना मिळून धागा म्हणतात. धागा काढला, धागा लांबला, धागा भरकटला, अशी तिथली भाषा. मी चौथी शिकलेली. पण वाचायची खोड जुनी, आणि नवरा गेल्यापासून बाग माझ्याच अंगावर. फोनवर अक्षर मोठं करून मी ती साइट सकाळ-दुपार वाचायचे. कोण खरं बोलतो, कोण औषधाच्या दुकानाचा माणूस आहे, कोण नुसता फुशारक्या मारतो, हे मला महिन्याभरात ओळखू यायला लागलं.

संजयनं ते हेरलं. घरी आला होता, चहा पिता पिता म्हणाला, ‘मावशी, माझ्यापेक्षा जास्त तुम्ही वाचता. तुम्हाला अधिकार देऊन टाकतो.’

‘कसला रे अधिकार?’

‘धागे जोडायचा. छाटणीत एकच प्रश्न चाळीस जण विचारतात. सगळे एकत्र करायचे. दोन टिचक्या मारायच्या, बस.’

‘आणि कुणी ओरडलं तर?’

‘तुमच्यावर कोण ओरडणार?’

खरंच कुणी ओरडलं नाही. आणि मला त्यात मजा यायला लागली, खोटं कशाला बोलू. आधी काय लिहिलंय ते बघायचं नाही, शोधायचं नाही, आले की विचारायचं, या लोकांचा मला मनापासून संताप यायचा. वेलीवर जादा फुटी आल्या की आपण जशा खुडून टाकतो तसं मी त्या धाग्यांचं करायचे. इकडचा उचलला, तिकडं चिकटवला. एकदा पिंपळगावच्या एका बागाईतदारानं लिहिलं, ‘आजीबाईंनी माझा धागा गिळला.’ मी खाली लिहिलं, ‘आधी वाचला असतास तर गिळायची वेळ आली नसती.’ पन्नास जणांनी अंगठे दिले. तो दिवस माझा फार छान गेला होता.

जोडल्यावर काय होतं ते सांगते, कारण सगळं तिथंच आहे. दोन धागे जोडले की त्यातली सगळी बोलणी घड्याळाप्रमाणं लागतात. अमक्यानं तमक्याला उत्तर दिलं, ते त्याच्याच खाली राहील असं नाही. दहा चाळीसला एकानं विचारलं आणि दहा पंचेचाळीसला दुसऱ्यानं तिसऱ्यालाच काही सांगितलं, तर ती दोन बोलणी एकाखाली एक येऊन बसतात, जशी काही एकमेकांशीच बोलतायत. आणि जो धागा जोडला त्याचा मथळा नाहीसा होतो. हे मला माहीत होतं. संजयलाही माहीत होतं. आम्हाला त्यात काही वावगं दिसलं नव्हतं. पानं कमी दिसतात, स्वच्छ वाटतं, एवढंच आम्ही बघितलं.

त्या वर्षीचा सगळ्यात मोठा धागा होता, ‘डोळ्यांना पेस्ट: कधी, किती, कशी’. एकोणीस पानं झाली होती. त्यातली निम्मी मीच जोडून जोडून वाढवलेली.

सकाळची वेळ होती. मी पडवीत मेथी निवडत बसले होते, फोन मांडीवर. नवा धागा आला. मथळा होता, ‘डोळ्याला पेस्ट’. मी मनात म्हटलं, आला आणखी एक. आत काय लिहिलंय ते उघडलं नाही. जोडून टाकला. फोनला मेथीची माती लागली होती, ती पदरानं पुसली, आणि पुढची काडी घेतली.

आत जे होतं ते मी नंतर वाचलं. ते इथं जसंच्या तसं लिहिते, कारण आता ते दुसरीकडं कुठंच नाही. यशवंतनं लिहिलं होतं, ‘डोळ्याला पेस्ट लागली आहे. फार आग होते. पाणी लावायचं का. लवकर सांगा.’ त्याच्या अगदी खाली, माझ्या जोडण्यामुळं, त्या पिंपळगाववाल्याचं उत्तर येऊन बसलं होतं. ‘पाणी अजिबात लागू देऊ नका. सहा तास कोरडं राहिलं पाहिजे. मग काही होत नाही.’ खाली तीन अंगठे. तो माणूस चुकीचं बोलला नव्हता. दिंडोरीकडच्या एकानं ढग आलेत, पेस्ट लावू का, असं विचारलं होतं, त्याला हे उत्तर होतं. वेलीच्या डोळ्याला.

त्या दिवशी मंजुळा दुसऱ्याच्या बागेत होती, नदीपलीकडं. काडी उडाली आणि बोळ्यावरचं औषध डोळ्यात गेलं. तिनं हौदावर जाऊन तोंडावर पाणी मारायला सुरुवात केली होती. शहाणी बाई. मालक गाडी घेऊन गावात गेलेला. यशवंत दहावी झालेला, टोळीत वाचणारा तेवढाच. टोळीला काम मिळावं म्हणून त्यानं त्या साइटवर नाव घातलं होतं. त्यानं विचारलं आणि मोठ्यानं वाचून दाखवलं. मग तिच्या हातातला तांब्या काढून घेतला. कोरड्या फडक्यानं डोळा बांधला. ती ओरडत होती आणि तो सांगत होता, ‘सहा तास, मंजुळा, सहाच तास.’

मालक परत आला तेव्हा दवाखान्यात नेलं. डोळ्यात पांढरं फूल पडलं ते पडलंच, नजर गेली.

डोळ्यात पेस्ट गेली तर पाणी मारत राहायचं. स्वच्छ, भरपूर, ताबडतोब, पाव तास, वीस मिनिटं, थांबायचं नाही, आणि मग औषधाची बाटली सोबत घेऊन डॉक्टर गाठायचा. हे कुणाही शाळकरी पोराला कळतं. यशवंतलाही कळत होतं. पण लिहिलेलं समोर आलं की माणूस आपल्या अकलेला मागं सारतो. मी चौथी शिकले ना, मला हे चांगलं माहीत आहे. छापलेल्याचा धाक आम्हाला जितका आहे तितका कुणाला नसेल.

मला कळलं चार दिवसांनी. माझ्याकडच्या टोळीच्या बाया पेस्ट लावता लावता बोलत होत्या. नदीपलीकडच्या बागेत एकीचा डोळा गेला, नवरा फोनवर काहीतरी उलटंच वाचत बसला होता. एक म्हणाली, ‘वाचता येतंय म्हणून लय मिरवायचा.’ दुसरी म्हणाली, ‘त्यापेक्षा अडाणी बरं.’ मी बांधावर उभी होते. घरी येऊन फोन उघडला. तो प्रश्न शोधायला मला अख्खी दुपार लागली, इतका तो धागा मी लांबवून ठेवला होता. अठराव्या पानावर सापडला.

मी संजयला फोन लावला. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न विचारला तो हा, ‘मावशी, आणखी कुणाला बोललात का?’

‘नाही.’

‘मग बोलू नका. साइट बंद पडेल. हजारो लोकांचा आधार आहे ती.’

‘अरे, त्या बाईचा डोळा गेला.’

‘गेला ना? आता बोलून येणार आहे का?’

संध्याकाळी बघितलं तर अठरावं पान गायब होतं. प्रश्नही नाही, उत्तरही नाही, अंगठेही नाहीत. संजय म्हणाला, साफसफाई केली. मी अधिकार परत केला आणि त्या साइटचं तोंड बघायचं सोडलं. त्याला मी स्वतःशी मोठा बाणेदारपणा समजत होते. बाणेदारपणा कसला, पळ होता तो. नदीपलीकडची ती बाग माझ्या घरापासून पायी पाऊण तास. मी दोन वर्षांत गेले नाही. आधी कारण दिलं की टोळी परत गेली असेल. मग कारण दिलं की पत्ता नाही. मग कारण द्यायचंही बंद केलं.

लोक म्हणतात वय झालं की माणूस निवळतो. माझं तसं काही झालं नाही. दर छाटणीला तो काडीचा वास आला की मला मेथीची माती लागलेला फोन आठवायचा. आठवणीला काय, ती काहीही पुढं करते. मंजुळाला मी तोवर पाहिलंही नव्हतं, तरी ती ओरडताना ऐकू यायची. आणि मग मी घरातल्यांवर खेकसायचे. सून वैशाली म्हणायची, ‘आई, छाटणी आली वाटतं. तुमची कात्री सुरू झाली.’

यंदा माझी नेहमीची टोळी आली नाही. मुकादमाला दुसरीकडं काम मिळालं. वैशालीनं फोनाफोनी करून दुसरी टोळी बोलावली. जीपमधून अकरा माणसं उतरली. पुढं एक लांब हाताचा, पाठीत थोडा वाकलेला माणूस. मागं एक बाई, डाव्या डोळ्यात पांढरं. मी नाव विचारायच्या आधीच मला कळलं.

मंजुळाइतकी छाटणी करणारी मी दुसरी पाहिली नाही. मान वाकडी करून उजवा डोळा काडीला लावते, अंगठ्यानं पेरं चाचपते, आणि कात्री चालवते. मी मागून जाऊन मोजले. जितके सांगितले तितकेच डोळे, एकही कमी-जास्त नाही. चुका शोधायला गेले होते मी. चूक सापडली असती तर मला बरं वाटलं असतं का, कोण जाणे.

तिसऱ्या दिवशी पेस्ट कालवायची होती. वैशालीनं या वेळी सगळ्यांना चष्मे आणले होते. बाटलीवरचं प्रमाण बारीक अक्षरात, माझा चष्मा घरात राहिलेला. मी बाटली यशवंतसमोर धरली. ‘वाच रे जरा.’

त्यानं हात मागं घेतले. ‘दुसऱ्याला द्या, आजी.’

‘का? तुला येतं ना वाचायला?’

तेवढ्यात मंजुळा मागून म्हणाली, ‘त्याला नका देऊ, आजी. तो वाचतो तं माणूस आंधळं होतं.’

टोळी हसली. यशवंतही हसला. नेहमीचा विनोद होता तो, दोन वर्षांचा घासून गुळगुळीत झालेला. तो कसा हसला ते मी सांगणार नाही, मला ते जमणार नाही. बाटली वैशालीनं वाचली.

दुपारी भाकरी खायला सगळे सावलीत बसले तेव्हा मी दोघांना बाजूला बोलावलं आणि सांगितलं. आडवळण न घेता सांगितलं. तो धागा मी जोडला. ते उत्तर तिथं माझ्यामुळं आलं. यशवंतनं लिहिलेलंच वाचलं.

मंजुळानं हातातला भाकरीचा तुकडा परत फडक्यात ठेवला. मग म्हणाली, ‘दोन वरीस झाले मी याला बोलते.’ नंतर माझ्याकडं बघून, ‘तुम्हाला कवा कळलं?’

‘चार दिवसांनी.’

‘आन् सांगता आता?’

‘हो.’

‘लय लवकर आलात, आजी.’



यशवंत म्हणाला, ‘दाखवा.’

‘काय?’

‘ते लिहिलेलं. दाखवा मला.’

मी सांगितलं की ते पुसून टाकलंय. त्याच्यासमोरच संजयला फोन लावला, आवाज मोठा करून. संजय म्हणाला, ‘मावशी, जुनी पानं कुठून आणू? काही शिल्लक नाही. आणि हा विषय परत कशाला?’ मी फोन बंद केला. यशवंतनं मान हलवली, जणू त्याला हेच ऐकायचं होतं. म्हणाला, ‘आजी, तुम्ही मला बरं वाटावं म्हणून सांगता. मला वाटतं, तिथं पाणी लावा असंच असंल. मीच घाईत उलटं वाचलं.’

यावर मला जो राग आला तसा आयुष्यात आला नव्हता. आम्ही त्या माणसाचा नुसता गुन्हा ठरवला नव्हता. त्याच्याकडून तो कबूलही करून घेतला होता.

मंजुळा म्हणाली, ‘ऐकताय ना? दोन वर्षं असंच चाललंय. त्याची आई रोज म्हणती, तूच डोळा घालवला. तुम्ही कागदावर लिहून द्या. तुमच्या नावानं. पाड्यावर नेऊन म्हातारीपुढं वाचते.’

‘तुला वाचता येतं?’

‘नाय. हा वाचंल. त्यालाच वाचायला लावीन.’

घरी येऊन आधी मी साइट उघडली. म्हटलं, जिथं झालं तिथंच सांगावं, आणि चार लोकांनी वाचून पुढं कुणाच्या हातातला तांब्या काढून घेऊ नये. दोन वर्षांनी नवा धागा काढला. मथळा लिहिला, ‘डोळ्याला पेस्ट: यशवंतनं बरोबर वाचलं होतं’. आत सगळं लिहिलं, बोट दुखेपर्यंत. चहा करून आले तर माझा धागा जागेवर नव्हता. आता तिथं जोडायचं काम मशीन करतं म्हणे. मथळे सारखे दिसले की आपोआप जोडतं, मेथी निवडणारी बाई लागत नाही. शोधत शोधत गेले. ‘डोळ्यांना पेस्ट: कधी, किती, कशी’, पान एकतिसावं. माझ्या लिहिण्याखाली कुणीतरी विचारलं होतं, ‘मावशी, प्रमाण किती घेतलं होतं?’

म्हणून हे छापायला पाठवते आहे. छापल्यावर निदान मध्येच कुणाचं काही येऊन बसणार नाही. पहिली प्रत सुरगाण्याला जाईल. वाचणाऱ्यांनी राग मानू नये, पण पुढचं तुमच्यासाठी नाही.

मंजुळाच्या सासूबाई, तुमच्या मुलानं मदत मागितली होती. तिथं लिहिलं होतं, पाणी अजिबात लागू देऊ नका. तेच त्यानं वाचलं, शब्द न शब्द तेच, आणि बायको वाचावी म्हणून तेच केलं. ते उत्तर दुसऱ्याच कशाचं होतं. ते तिथं मी आणून ठेवलं, न वाचता. वाचलं नव्हतं ते मी. आता यशवंत हे वाचत असेल, तर त्याला म्हणावं, थांबू नको, मोठ्यानं वाच.